बावटा लागला तर... अंदमानातला बेत बदलताना

दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठळक अक्षरांत येते : मान्सून अंदमानात दाखल. उन्हानं पोळलेल्या महाराष्ट्राला ती नुसती वाचूनच गार वाटतं. पण त्याच दिवसांत, शाळा सुरू व्हायच्या आत एक सहल उरकून घ्यावी म्हणून अंदमानला गेलेली पुण्या-ठाण्याची, नाशिक-नागपूरची कुटुंबं जेटीवर सामान घेऊन उभी असतात आणि त्यांची बोट रद्द झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीतही हे होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम. म्हणजे आपल्याला सुट्ट्या असतात ते दोन्ही काळ तिथल्या समुद्राच्या दृष्टीनं बेभरवशाचे. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ज्याचं ‘वरदा’ चक्रीवादळ झालं त्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर शेकडो पर्यटक अडकले होते. त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं न्यावी लागली.

एवढं मोठं वादळ क्वचित येतं. पण एखाद-दुसरा दिवस फेरी बंद राहणं, स्नॉर्केलिंगच्या होड्या न सुटणं, पावसानं अख्खी दुपार खाणं हे नेहमीचं आहे. अंदमानला जाताना बेत बदलावा लागणार असं धरूनच निघावं. तो कसा बदलायचा, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आम्हाला नीलच्या जेटीवर उभं राहून कळलं. तुम्हाला ते घरी बसून कळावं, म्हणून हा लेख.

आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो होतो. मी, नवरा, दोन मुलं, नणंद आणि पंचाहत्तरीच्या सासूबाई. सासूबाई यायला तयार झाल्या त्या एकाच गोष्टीसाठी. शाळकरी वयात त्यांनी ‘माझी जन्मठेप’ वाचलं होतं आणि सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची होती. बाकी समुद्र, प्रवाळ, काचेच्या तळाची बोट हे सगळं ‘तुमचं चालू द्या’ या खात्यात. एजंटानं आखून दिलेला कार्यक्रम कागदावर देखणा होता. पोर्ट ब्लेअरला उतरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी हॅवलॉक, तिथे दोन रात्री, मग नीलला एक रात्र, परत पोर्ट ब्लेअर, त्याच्या दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल आणि संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, तिसऱ्या दिवशी दुपारचं विमान. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात शेवटी. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

नीलहून निघायच्या सकाळी लख्ख ऊन होतं. जेटीवर पोचलो तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काखेत धरून एक माणूस दोरखंडाच्या खुंटाशी उभा होता आणि भोवती शंभरेक माणसांचा घोळका. बोट नाही. आज नाही. उद्याचं संध्याकाळी कळेल. नणंद म्हणाली, “अहो, पण ऊन आहे की!” त्यानं काही न बोलता हात लांब करून खाडीच्या तोंडाबाहेरचा समुद्र दाखवला. तिथे पांढरे फेसाचे पट्टे एकामागून एक येत होते. सासूबाई बॅगेवर बसल्या, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मग कोठडी?”

आपल्या कोकणच्या बंदरांत ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटलं की अधिक बोलावं लागत नाही, होड्या ओढून वर घेतल्या जातात. अंदमानातही बंदरांवर इशारे लागतात, हवामान खात्याचं पत्रक रोज निघतं आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. डोक्यावरच्या उन्हाचा आणि बोट सुटण्याचा फारसा संबंध नाही, कारण लाटा कुठल्या तरी दूरच्या वादळानं उठवलेल्या असू शकतात. त्यामुळे खिडकीतून आकाश बघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी समुद्राचा अंदाज बघा आणि हॉटेलच्या पोरांना विचारा. आणखी एक खूण आहे. स्नॉर्केलिंगच्या छोट्या उघड्या होड्या आधी थांबतात, मोठ्या फेरीबोटी नंतर. सकाळी हॅवलॉकवरच्या एलिफंट बीचच्या होड्या सुटल्या नाहीत असं कळलं, तर उद्याच्या फेरीची चौकशी तेव्हाच सुरू करावी. दुपारच्या जेवणानंतर नाही.

नावांचा घोळही आधी निस्तरून घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असं नामकरण झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं, असं सर्रास होतं. गडबडीत तिकीट बदलून घेताना दोन्ही नावं माहीत असली की चुकीच्या रांगेत उभं राहणं टळतं.

आता बोट रद्द झाल्याचं कळलं त्या क्षणाकडे येऊ. तिथे पहिला अर्धा तास महत्त्वाचा असतो, आणि बहुतेक जण तो भांडण्यात घालवतात. आम्हीही घालवला. बोटवाल्याशी, मग फोनवर एजंटाशी. तेवढ्यात आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका बंगाली कुटुंबानं एक फोन केला आणि आपण सकाळी सोडलेली खोली परत मिळवली. आम्ही फोन केला तेव्हा आमच्या हॉटेलात एकच खोली उरली होती. त्या रात्री सहाजण एका खोलीत झोपलो. बेट छोटं असतं. जाणारे शंभर जण थांबले की त्या सगळ्यांना त्याच दिवशी खोल्या लागतात. म्हणून पहिला फोन सकाळी सोडलेल्या हॉटेलला. दुसरा, उद्याच्या बोटीसाठी. तिसरा, पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलला : आज येत नाही, खोली सोडू नका. चौथा, विमान धोक्यात असेल तरच, विमान कंपनीला. घरात चार मोबाइल असतात, कामं वाटून घ्या. भांडायचं असेल तर ते परत आल्यावर लेखी करता येतं, आणि तेव्हा ते अधिक उपयोगी पडतं.

पैशांचं म्हणाल, तर फेरी कोणी रद्द केली यावर बरंच अवलंबून असतं. हवामानामुळे बोटच सुटली नाही तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा देतात. तुम्ही स्वतःहून तिकीट सोडलंत तर त्यातून कापतात. त्यामुळे ‘बहुतेक रद्द होईल’ असं कोणी म्हणालं म्हणून आपण होऊन तिकीट रद्द करू नका, अधिकृत निरोपाची वाट बघा आणि तो मोबाइलमध्ये जपून ठेवा. प्रवास विमा काढला असेल तर तोच पुरावा लागतो. रोख पैसे जवळ हवेत. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली, तेव्हापासून अंदमानचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं, तरी छोट्या बेटांवर ते अचानक जातं, आणि सगळे अडकले की मोजक्या एटीएममधले पैसेही संपतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सहलीच्या दिवसांपेक्षा तीन दिवसांच्या जास्त घ्या. आणि तिकिटं, खोल्यांचे नंबर, ड्रायव्हरचा नंबर हे सगळं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आमच्याकडे हे सगळं नवऱ्याच्या मोबाइलमध्ये होतं आणि तो मोबाइल बारा टक्क्यांवर आला होता.

हे झालं तातडीचं. खरा विचार त्यानंतरचा : गेलेल्या दिवसाचं काय करायचं?

नवा कार्यक्रम आखताना आपण ‘काय काय बघायचं राहिलं’ याची यादी करायला बसतो. त्याआधी, न हलणाऱ्या गोष्टी कागदावर घ्या. विमान हलत नाही. तुम्ही मुंबई ते चेन्नई आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर अशी दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर एक चुकल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असली तर निदान कंपनीशी बोलता येतं. बेटांदरम्यान हेलिकॉप्टर आहे, पण त्यात जागा थोड्या आणि हक्क आधी रुग्णांचा व स्थानिकांचा. त्याच्यावर बेत रचू नका.

साप्ताहिक सुट्ट्याही हलत नाहीत, आणि एक दिवस पुढे सरकलेल्या कार्यक्रमाला सगळ्यात जास्त त्याच नडतात. रॉस बेट बुधवारी बंद असतं. चॅथमची लाकूड गिरणी रविवारी बंद. मानववंशशास्त्राचं संग्रहालय सोमवारी बंद, आणि वांडूरहून जॉली बॉय बेटाला जाणाऱ्या बोटीही सोमवारी नसतात. शिवाय जॉली बॉय वर्षातले काही महिनेच खुलं असतं, बाकीच्या काळात रेड स्किन बेटावर नेतात. मंगळवारचं रॉस बुधवारी टाकलं की रॉस गेलंच. हे वार बदलूही शकतात, तेव्हा आदल्या दिवशी एक फोन करावाच.

ज्यांना स्कूबा करायचंय त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा, कारण इथली चूक तब्येतीवर बेतते. खोल पाण्यात दाबाखालची हवा घेतल्यावर शरीरात नायट्रोजन साठतो, तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी विमानात बसलं तर तिथल्या कमी दाबामुळे त्याचे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर निदान बारा तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर निदान अठरा तास विमानप्रवास टाळायचा असतो. बरेच प्रशिक्षक सरसकट चोवीस तास सांगतात, आणि मी तेच पाळा म्हणेन. हॅवलॉकला पहिल्या दिवशीची डाइव्ह लाटांमुळे हुकली की ‘मग शेवटच्या दिवशी करू’ असं सहज म्हटलं जातं. सकाळी डाइव्ह, दुपारची बोट, संध्याकाळचं विमान हे जमवू नका, कोणी कितीही ‘काही होत नाही’ म्हणालं तरी. सर्दी झाली असेल, कानांत दडे बसल्यासारखं वाटत असेल, तरीही पाण्यात उतरू नका. डाइव्ह पुढे सरकवता येत नसेल तर ती सोडून द्यायची.

यानंतर येतं ते पाणी, म्हणजे भरती-ओहोटी. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना एक सोपा हिशोब येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हा हिशोब मुंबई-कोकणचा. अंदमानात तो तसाच लावू नका, भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. तिथलं कोष्टक मोबाइलवर मिळतं, हॉटेलातही विचारता येतं. पण त्यामागचं तत्त्व तेच : भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, भरती आणि ओहोटी यांत सुमारे सहा तासांचं अंतर असतं, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त.

याचा उपयोग कसा, ते नीलवर कळतं. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथपर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं, खडकांच्या खळग्यांतून साचलेल्या पाण्यात छोटे मासे, समुद्रकाकड्या, खेकडे दिसतात. उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायला पाणी भरलेलं हवं. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी हव्यात असा हट्ट धरला की एक तरी फसते. अडकल्याच्या दिवशी आमच्याकडे वेळच वेळ होता. मुलांना घेऊन मी ओहोटीच्या वेळी कमानीकडे गेले. आदल्या दिवशी आम्ही तिथेच भर भरतीला गेलो होतो आणि लांबूनच फोटो काढून परतलो होतो. या वेळी धाकट्यानं एका खळग्यात निळसर तारामासा बघितला आणि पाऊण तास तो तिथून हलला नाही. वाटाड्यानं हात लावू दिला नाही, ते बरं केलं. दुसऱ्या दिवशीसाठी हीच सहल ठेवायची असती तर तासभर उशिरा निघावं लागलं असतं, एवढाच तो हिशोब.

हॅवलॉकवर अदलाबदल करायची तर ती दिशेनं करा. राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, काला पत्थर पूर्वेला. नैर्ऋत्येचा वारा वाहतो त्या महिन्यांत पश्चिमेच्या बाजूला लाटा मोठ्या, ईशान्येचा वारा असला की पूर्वेची बाजू खवळते. ज्या बाजूला वाऱ्याचा मारा आहे तिथली सकाळ सोडून आडोशाच्या बाजूला जा. तसंच सूर्याचं. आपल्याला मुंबईच्या सूर्यास्ताची सवय असते, पण अंदमान पूर्वेला खूप लांब आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. ‘चार वाजता चहा घेऊन निघू’ म्हणणारे राधानगरला पोचतात तेव्हा अंधार पडायला आलेला असतो. तीनच्या आत निघा. संध्याकाळ ढगांनी खाल्ली तर हळहळत बसू नका, गजर लावा आणि पहाटे काला पत्थरला जा. सूर्य लवकर मावळतो तसाच लवकर उगवतो.

पावसाचा दिवस पोर्ट ब्लेअरला मिळाला तर तो वाया जात नाही. नौदलाचं ‘समुद्रिका’ संग्रहालय, मानववंशशास्त्राचं संग्रहालय, १८८३ साली सुरू झालेली चॅथमची लाकूड गिरणी, एवढ्यात दिवस भरतो. चॅथमला मी आधी नाकं मुरडली होती, लाकडाची वखार काय बघायची म्हणून. पण ओल्या पडौकाच्या ओंडक्याचा तो लालभडक कापलेला भाग आणि भुश्शाचा वास अजून आठवतो. रॉस बेट समोरच आहे, बोटीनं पंधरा-वीस मिनिटांवर, त्यामुळे पाऊस उघडला की अर्ध्या दिवसात होतं. ब्रिटिशांच्या चर्चच्या, बंगल्यांच्या भिंतींना वडाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी कवेत घेतलंय आणि मधून हरणं फिरतात. सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम मात्र उघड्यावर असतो, जोराच्या पावसात तो होत नाही. तुरुंग दिवसा बघून ठेवलेला असला की संध्याकाळचा कार्यक्रम बुडाल्याचं दुःख फारसं होत नाही.

आता काय सोडायचं. माझं मत स्पष्ट आहे : दिवस कमी पडला की पहिलं बाराटांग सोडा. पोर्ट ब्लेअरहून सुमारे शंभर किलोमीटर, रात्री तीन-साडेतीनला उठून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांग लावायची, मग जंगल, मग वाहनांसकट फेरी, मग छोटी बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चालत. जेमतेम राहिलेल्या वेळात वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना त्यात घालणं म्हणजे त्यांचे पुढचे दोन दिवसही खर्ची टाकणं. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गुहा बघायला निघालेल्या गाड्यांतून लोक त्या माणसांकडे बघायला टपलेले असतात. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करण्यासारखं नव्हतं. बेत बदलल्यावर एखादा ड्रायव्हर ‘त्यापेक्षा जारवा दाखवतो’ म्हणाला तर त्याला तिथेच नको म्हणा.

‘सगळं बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासूनही सावध राहा. एक दिवस गेला की एजंट किंवा ड्रायव्हर उरलेल्या एका दिवसात दोन दिवसांची ठिकाणं कोंबून देतो. त्याची भावना चांगली असते, पैसे घेतलेत तर सगळं दाखवलं पाहिजे ही. पण त्या दिवशी तुम्ही फक्त गाडीत चढता आणि उतरता. आपण होऊन त्याला सांगा, यातली ही दोन ठिकाणं नकोत. तो सुटकेचा श्वास सोडतो असा माझा अनुभव आहे. ऐनवेळी सुचवलेल्या ‘एकदम रिकाम्या’ किनाऱ्यावर पाण्यात उतरायच्या आधी तिथे जीवरक्षक आहे का, मगरीच्या धोक्याची पाटी आहे का, हे बघा. अंदमानच्या खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि काही किनाऱ्यांवर त्या येतात. किनारा रिकामा असण्याला तेही कारण असू शकतं.

आणि सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलंच पाहिजे, हा आपल्याकडचा आग्रह बेत बदलताना तरी बाजूला ठेवा. नीलवर अडकलो त्या दुपारी सासूबाई आणि नणंद हॉटेलच्या पडवीत बसून राहिल्या. त्या बेटावर वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. मालकीणबाईंनी सासूबाईंना परसातली पालेभाजी निवडायला दिली, दोघींची हिंदी यथातथाच, पण तासभर गप्पा चालल्या होत्या. आम्ही ओढत नेलं असतं तर त्यांना लाटांचा अजून एक किनारा दिसला असता, इतकंच. मुलांच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळा. ‘उद्या नक्की’ असं म्हणू नका. ‘समुद्रानं सोडलं तर’ असं म्हणा. पहिल्या दिवशी ते कुरकुरतात, दुसऱ्या दिवशी तेच हवामान बघायला लागतात.

खवळलेल्या समुद्रानंतरची पहिली फेरी हलतेच. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्यावी, हलायला लागल्यावर नाही. खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा मागच्या बाजूला जागा मागा. पोट रिकामं नको आणि गच्चही नको. आमच्याकडे आलेपाकाच्या वड्या होत्या, त्या अख्ख्या बोटीत वाटल्या गेल्या.

ज्यांचं अजून आरक्षण व्हायचंय त्यांच्यासाठी खरी युक्ती इथे आहे. दूरची बेटं आधी, पोर्ट ब्लेअर शेवटी, आणि विमानाच्या आदला अख्खा दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा. तो दिवस कशालाही वाहू नका. सगळं सुरळीत झालं तर त्या दिवशी रॉस होईल, चिडिया टापूचा सूर्यास्त होईल. नाही झालं तर तो दिवस समुद्राला द्यायला हाताशी असेल. मात्र घरातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी विचारा, तू नक्की कशासाठी येतोयस? आणि ज्याची गोष्ट पोर्ट ब्लेअरमध्ये आहे, ती उतरल्या उतरल्या, पहिल्याच दुपारी करून टाका. सकाळच्या विमानानं पोचलात तर सेल्युलर जेल त्याच दिवशी होतं. ज्याची गोष्ट हॅवलॉकला आहे त्याची तिथल्या पहिल्या सकाळी. म्हणजे ती हुकली तरी पुन्हा प्रयत्न करायला दिवस उरतो.

आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उशिरा बोट सुटली, पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत तुरुंगाचं दार बंद झालं होतं. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं. रात्रीच सामान बांधलं, सकाळी ते गाडीत टाकलं, बाकीचं सगळं सोडलं आणि दार उघडायच्या आधी तिथे जाऊन उभे राहिलो. सुरुवातीला मधल्या मनोऱ्यापासून सात फाटे निघत होते, त्यांतले आता तीनच उभे आहेत. १९११ साली सावरकरांना इथे आणलं तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. सासूबाईंना हे सगळं पाठ होतं. मला नव्हतं.

तिसऱ्या मजल्यापर्यंतचे जिने त्या दोनदा थांबून चढल्या. टोकाच्या कोठडीपर्यंतचा व्हरांडा लांब आहे. आम्ही मागेच थांबलो. त्या आत गेल्या, चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. वरच्या झरोक्याकडे बघितलं, मग हाताचा तळवा भिंतीला लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलगी फोटो काढायला पुढे झाली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. खाली ड्रायव्हर घड्याळ बघत होता.

बाहेर आल्यावर त्यांनी चपला घातल्या, रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “चला. आता कुठं न्यायचं तिथं न्या.”